साळूबाईची जीभ

सोनखडकला ग्रामसेवक म्हणून मी हजर झालो तो १९९३ सालचा मार्च महिना. एसटीने मला फाट्यावर उतरवलं. पुढचे चार किलोमीटर मी पत्र्याची पेटी कधी या हातात, कधी त्या हातात घेत आणि मनातल्या मनात सरकारला शिव्या देत चालत आलो. मी मूळचा श्रीरामपूरचा. आमच्याकडे पाटाचं पाणी, जिकडे बघाल तिकडे ऊस. इथे नुसता काळा खडक, आणि त्याला कसंबसं धरून राहिलेलं गवत.

गावाच्या अलीकडे बौद्धवस्ती लागते. बत्तीस घरं, एक समाजमंदिर, एक हापसा. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक ठेंगणी, साठीच्या आसपासची बाई ज्वारी निवडत बसली होती. पेटी आणि छत्री एकाच वेळी बाळगणारा माणूस ग्रामसेवकच असणार हे तिने ओळखलं असावं. न विचारता ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मी घटाघटा प्यायलो.

"कसलं हाय, भाऊसाहेब?" तिने विचारलं.

"पाणी आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"ते मलाबी दिसतंय. पर कसलं?"

"थंड आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे गणिताचे मास्तर आठवले. "थंड तर समदंच असतं माठातलं. हे आप्पासाहेबाच्या मळ्यातलं हाय. मागल्या बाजूला जरा तुरट लागतं बघा. विहिरीवर जांभळीचं झाड हाय, तिच्या मुळ्या पान्यात गेल्यात."

मी परत एक घोट घेतला. मला काहीही तुरट लागलं नाही. ही साळूबाईची आणि माझी पहिली भेट, आणि तिच्या लेखी मी त्या दिवशी जो नापास झालो तो पुढे सात वर्षं नापासच राहिलो.

साळूबाईची जीभ गावात नावाजलेली होती. कुणाच्या विहिरीत इंजिनाचं तेल गळतंय, कुठे लिंबाचा पाला पडून कुजलाय, कुठल्या पाण्यात तूरडाळ शिजेल आणि कुठल्या पाण्यात दिवसभर रटरटूनही टणकच राहील, हे ती एका घोटात सांगायची. लग्नकार्याच्या आधी आचारी तिच्याकडे यायचे. मीही यायचो. पाण्याचे नमुने बाटलीत भरून नगरच्या प्रयोगशाळेला पाठवले की अहवाल यायला तीन आठवडे लागत. साळूबाईचा अहवाल जागच्या जागी मिळे. प्रयोगशाळेने तिला एकदाही खोटं पाडलं नाही, हे मी कागदोपत्री सांगू शकतो.

ही जीभ कशी तयार झाली ते तिने मला एकदा सांगितलं, तेही शेंगा फोडता फोडता, अगदी मजेत. लग्न होऊन ती सोनखडकला आली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. अजून धम्म घेतला नव्हता, ते छप्पन सालानंतरचं. वस्तीत पाणी नव्हतं आणि गावविहिरीला हात लावायची सोय नव्हती. लांब बसून राहायचं, कुणी ओतलं तर न्यायचं. कुणी आलंच नाही तर उठून दुसऱ्या मळ्यात, तिथून तिसऱ्या. पुढे नवऱ्याबरोबर, रंभाजीबरोबर, ती गावातल्या झाडून सगळ्या शेतांत मजुरीला गेली. ज्याच्या शेतात काम त्याच्या विहिरीचं पाणी.

"आप्पासाहेबाची आई रंगुबाई हाय ना, तिचं आन् माजं लगीन एकाच वैशाखातलं," ती म्हणाली. "गावविहिरीवर तीच वतायची मला. हात पार वर धरायची. मी खाली वंजळ धरून. निम्मं वंजळीत, निम्मं मातीत. पर एक सांगते भाऊसाहेब, तिनं कधी न्हाई म्हनलं न्हाई."

"राग नाही आला कधी?"

"आला की. लई आला. पर ऱ्हावं लागतं ना गावात." तिने शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "आन् फायदा बघा ना. मालक लोकांला आपली एक विहीर ठाऊक. रंगुबाईनं जन्मात दुसरं पानी चाखलं नसंल. मला समदा शिवार ठाऊक हाय."

आणि ती हसली. तिला खरोखर हसू आलं होतं. मी मात्र दाणे हातातच धरून बसलो.

एवढी पाण्याची जाणकार, पण तिच्या दारात पाणी नव्हतं. वस्तीचा हापसा दोनशे फूट खोल. उन्हाळ्यात चाळीस दांडे मारावे तेव्हा एक कळशी भरे, आणि दुपारनंतर तो नुसता खोकत बसे. मग बायका दोन-दोन हंडे घेऊन चढावरच्या गावविहिरीवर जात. आता तिथे कुणी अडवत नव्हतं. फक्त वस्तीतल्या बायकांचा नंबर शेवटी लागायचा, आणि तो नेमका शेवटीच का लागतो हे कुणी विचारायचं नाही.

साळूबाईचा मुलगा सम्राट नगरला कारखान्यात कामाला होता. त्याची बायको दीपा ९५ सालच्या दिवाळीत पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, आमच्या श्रीरामपूरकडेच. मुलगी झाली, माधुरी नाव ठेवलं. नाव ठेवताना साळूबाई जाऊन नातीला बघून आली, तेवढंच. तिसऱ्या महिन्यात यायची ती दीपा चौथा लागला तरी आली नाही. भांडण कसलंच नव्हतं. तिने सम्राटजवळ निरोप दिला होता: "आत्याबाईंना सांगा, काखंत लेकरू आन् डोक्यावर हंडा हे मला जमायचं न्हाई. हापशाला पानी येऊ द्या, दुसऱ्या दिशी येते."

गावातल्या बायका म्हणाल्या, काय सून म्हणायची ही! साळूबाई म्हणाली, "खरं बोलली पोरगी. मी वाह्यलं म्हनून तिनंबी वाहावं का?" आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभी. तिच्या अंगठ्याचे असे सात अर्ज मी वर पाठवले. आठवा लिहायला घेतला तेव्हा, १९९६ च्या एप्रिलमध्ये, भूजल खात्याचं पत्र आलं. सोनखडकच्या बौद्धवस्तीतल्या बोअरवर जलभंजन मंजूर झालं होतं.

जलभंजन म्हणजे काय हे मलाच ठाऊक नव्हतं, तर गावाला कुठून असणार? शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. खात्याचे तरुण साहेब आले होते. त्यांनी शांतपणे समजावलं. बोअरमध्ये खोल जागी रबरी बूच फुगवून बसवायचं, त्याच्या खाली प्रचंड दाबाने पाणी सोडायचं. खडकातल्या बुजलेल्या भेगा उघडतात, काही नव्या पडतात, आणि आजूबाजूच्या खडकातलं पाणी बोअरमध्ये उतरायला लागतं.

"आजूबाजूचं म्हंजी?" सरपंच आप्पासाहेबांनी विचारलं.

ग्रामसभेत माणसाच्या पोटातली भीती एक असते आणि ओठातली दुसरी, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलंय की त्यावर मला पेन्शन मिळावी. पोटातली भीती अशी, की खाली खडक फुटला तर गावविहिरीचा झरा वस्तीकडे वळेल. पण त्यांना मिळालं तर आपलं कमी होईल, असं चारचौघांत म्हणणार कसं? तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "साहेब, वस्तीत मागल्या साली चार संडास झालेत. खडकाला भेगा पडल्या तर ती घान आमच्या विहिरीत उतरंल. लेकरंबाळं पित्यात त्यातनं. त्याचं काय?"

बोलणं पोटातलं नसलं तरी अगदीच खोटंही नव्हतं. साहेबांनी ते उडवून लावलं नाही. ते म्हणाले, बूच शंभर फुटांखाली बसतं, वरच्या थराला धक्का लागू नये म्हणूनच. पण लोकांना पटेना. मुख्याध्यापकांनी पेपरात वाचलं होतं की परदेशात खडकातून कसलासा वायू विहिरीच्या पाण्यात उतरतो, त्याला वास नाही की चव नाही, आणि माणूस आजारी पडतो.

"तो बहुतेक ग्रॅनाईटचा प्रदेश असतो," साहेब म्हणाले. "आपला काळा पाषाण. इथे त्याची फारशी काळजी नाही."

"चवच न्हाई म्हनल्यावं मला काय कळनार?" बायकांच्या घोळक्यातून साळूबाई बोलली. सभा हसली, आणि त्यातून साहेबांना वाट सापडली.

ते म्हणाले, आपण दाबाने सोडायच्या पाण्यात मीठ कालवू. बोअर आणि गावविहीर खालून जोडली गेली, तर पंधरा दिवसांत विहिरीला मीठ लागेल. लागलं तर मी स्वतः येऊन बोअर सिमेंटने बुजवून देतो. नाही लागलं तर वस्तीने सुखाने पाणी प्यावं. हे सगळ्यांना पटलं. मी ठराव लिहिला, सह्या आणि अंगठे घेतले. मीठ मोजायचं यंत्र साहेबांकडे एकच होतं, ते दुसऱ्या तालुक्यात अडकलेलं.

"यंत्र कशाला?" आप्पासाहेब म्हणाले. "साळूबाई चाखंल की."

"ती तर वस्तीची!" कुणीतरी ओरडलं.

"असंना वस्तीची. तिची जीभ लबाड न्हाई." मग जरा विचार करून ते म्हणाले, "तरीबी, आमची आई बसंल संगं."

माणसं मला कधी पूर्ण कळली नाहीत, हे मी इथेच सांगून टाकतो. वस्तीत पाणी येऊ नये म्हणून धडपडणारा हाच माणूस, आणि वस्तीतल्या बाईच्या जिभेवर सगळा निकाल टाकणाराही हाच.

तीन दिवसांनी ट्रक आला, टँकर आला. मिठाच्या गोण्या ग्रामपंचायतीत उतरवून घेतल्या. दळलेलं, बारीक पांढरं मीठ. दिवसभर यंत्र धडधडत होतं. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी दाबाचा काटा वर वर जात राहिला आणि एकदम धाडकन खाली आला. साहेब म्हणाले, "फुटला." आम्हाला वर काहीच ऐकू आलं नाही, पण बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवस बोअर उपसून काढला, मग हापसा पुन्हा बसवला. पहिला दांडा साळूबाईने मारला. सात दांड्यांत कळशी भरली. तिने ती कळशी खाली बाभळीच्या मुळाशी ओतली आणि पुन्हा मोजली. पुन्हा सात. मला इतका आनंद झाला की मी सरकारला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

"आई, कळवू का दीपाला?" सम्राटने विचारलं.

"थांब," साळूबाई म्हणाली. "पंधरा दिस थांब. आलंय खरं, पर ऱ्हातंय का ते बघू."

दुसऱ्या सकाळपासून गावविहिरीच्या कठड्यावर दोघी म्हाताऱ्या बसू लागल्या. शेजारी आप्पासाहेब मिश्री लावत उभे. मी वही घेऊन. रंगुबाई म्हणजे उंच, गोरी, पाठीत किंचित वाकलेली. ती आधी पिई आणि रोज एकच सांगे, "गोड हाय." मग साळूबाई घोट घेई, तोंडात घोळवी, आणि म्हणे, "गोड हाय. पर लिंबाची काडी पडलीय कुठं तरी." रंगुबाई चकित. "मला कशी न्हाई लागली?" मग ती पुन्हा चाखे. पहिल्या दिवशी दोघींनी आपापली फुलपात्री आणली होती. चौथ्या दिवशी रंगुबाई आपलं विसरली. साळूबाईने आपलं विसळून पुढे केलं. रंगुबाईने क्षणभर लेकाकडे पाहिलं, आणि प्यायली. आप्पासाहेबांनी मिश्री थुंकायला तोंड फिरवलं. त्यानंतर एकच फुलपात्र येत राहिलं, आणि त्याबद्दल वहीत मी काही लिहिलं नाही.

आठ दिवस गोड गेले. नववा दिवस गुरुवार. रंगुबाईने घोट घेतला आणि तिचं तोंड जरासं वेडंवाकडं झालं. तिने साळूबाईकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला आजही स्पष्ट दिसतं. "गोडच हाय," ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्याचं जरा असं लागतं."

ती साळूबाईला सांभाळून घेत होती. फक्त मान हलवायची होती. अजून सहा सकाळी, आणि सून-नात घरी.

साळूबाईने घोट घेतला, थुंकला. दुसरा घेतला, तोही थुंकला. मग फुलपात्र उपडं केलं.

"मीठ हाय," ती म्हणाली.

"नीट चाख," हे रंगुबाई नव्हे, आप्पासाहेब बोलले.

"चाखलं. मीठ हाय. ल्ह्या, भाऊसाहेब."

मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला, हे कबूल करतो. एवढा खरेपणा कुणी मागितला होता? पण माझा हात लिहीत होता. ती उठली, पदर झटकला आणि वस्तीकडे चालू लागली. आप्पासाहेबांनी मिश्रीचं बोट पुसलं. मग म्हणाले, "साहेबाला फोन लावा. ठराव झालाय." त्यांचा आवाज जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

फोन फाट्यावर. ऊन उतरलं की जाऊ म्हणून मी कार्यालयात खुर्चीत पडून राहिलो. चारच्या सुमाराला दारात साळूबाई.

"भाऊसाहेब, काल बुधवार व्हता ना?"

"होता. मग?"

"बुधवारी विहिरीत औषध टाकत्यात. आज पान्याला औषधाचा वासच न्हवता. मी मिठाच्या नादात ध्यानच दिलं न्हाई. घरी जाऊन पडले, तवा आठवलं. गुरुवारचं पानी नाकात जातं, आज गेलं न्हाई."

मी गहिनीनाथला हाक मारली. गहिनीनाथ आमचा शिपाई. दर बुधवारी तिन्हीसांजेला विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंगची पावडर टाकायचं काम त्याचं. अठरा वर्षं ती पावडर कालवून त्याचं नाक कामातून गेलं होतं. शेजारी बोकड बांधला तरी त्याला पत्ता लागत नसे.

"काल टाकलं ना रे?"

"टाकलं की. उलट लई टाकलं."

"लई म्हणजे किती?"

"निम्मी गोणी." तो आनंदाने सांगू लागला. "या खेपंची पावडर लई झ्याक आलीय, भाऊसाहेब. बादलीत गाळ म्हनून ऱ्हात न्हाई."

"निम्मी गोणी? अरे, माप काय तुझं?"

मग त्याने आपलं माप सांगितलं. मी तीन वर्षांपूर्वी त्याला मापाचा डबा आणि तक्ता दिला होता. डब्यात त्याने तंबाखू ठेवली होती. वास त्याला येत नसल्यामुळे तो पावडर कालवून ओतत जायचा, आणि विहिरीवरच्या बायका नाकाला पदर लावून "पुरं, मेल्या, पुरं!" असं ओरडल्या की थांबायचा. अठरा वर्षं हेच माप. काल बायका ओरडल्याच नाहीत. म्हणून तो ओतत राहिला. गुडघाभर पाण्यात निम्मी गोणी.

मी कोपऱ्यात गेलो. दोन पांढऱ्या गोण्या शेजारी शेजारी. एकीला शिवण तशीच होती. दुसरी उघडी आणि निम्मी रिकामी. साळूबाईने तिच्यात बोट घातलं, जिभेला लावलं, आणि बोट माझ्यापुढे धरून म्हणाली, "चाखा. हे तुमालाबी कळंल."

मीठ होतं. आणि ते तिथे कसं आलं हे फक्त मला ठाऊक होतं. जलभंजनाच्या मिठातली एक गोणी उरली होती. साहेब घेऊन जायला विसरले. मी ती कुणाला न सांगता टीसीएलच्या आड सरकवून ठेवली, कारण मे महिन्यात श्रीरामपूरला सासूबाईंचं कैरीचं लोणचं असतं. त्यासाठी हे मीठ नेऊन मी जावई म्हणून मिरवणार होतो.

हे सगळं मी आप्पासाहेबांसमोर जसंच्या तसं सांगितलं. लाज वाटली, पण सकाळी त्या बाईने जे केलं होतं ते बघितल्यावर लपवायला तोंड उरलं नव्हतं. आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं सापडलं तुमाला! सकाळी मीठ, सांजंला गोणी."

"मग उपसा विहीर," साळूबाई म्हणाली. "तळ दिसूस्तवर उपसा. झऱ्याचं नवं पानी येऊ द्या, तेच चाखू. झरा खारा निघाला तर सिमेंट मी सोता कालवते."

आप्पासाहेबांनी स्वतःचं डिझेल इंजिन आणून लावलं. पाणी आपल्या कांद्याला जाऊ नये म्हणून पाईप तेवढा ओढ्यात सोडला. दिवस मावळायच्या आत तळाचा खडक दिसला. सकाळपर्यंत झऱ्याने पायाच्या घोट्याइतकं पाणी साठवलं होतं. भीमा नावाचा वस्तीतला विहीर खोदणारा गडी खाली उतरला आणि झऱ्याच्या तोंडाशीच तांब्या भरून वर आला. कठड्याभोवती सगळं गाव. गहिनीनाथ सगळ्यांत मागे.

साळूबाईने तांब्याला हात लावला नाही. "रंगुबाई चाखंल," ती म्हणाली. "आज माजं कोन ऐकनार न्हाई, आन् ऐकू नयेच."

रंगुबाईने घोट घेतला. तोंडात घोळवला, अगदी साळूबाईसारखा. डोळे मिटले. आप्पासाहेबांची मिश्री हातातच राहिली होती.

"गोड हाय," ती म्हणाली. आणि मग, मान वर करून, "आन् आज लिंबाची काडीबी न्हाई."

गाव हसलं. साळूबाई हसता हसता कठड्यावर बसली आणि तिला रडू आलं. रंगुबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

उरलेले दिवस गोड गेले. मी काढून पाठवलेले नमुनेही तीन आठवड्यांनी तेच म्हणाले. मीठ नाही, घाण नाही, पिण्यायोग्य. गावविहिरीचा झरा होता तेवढाच राहिला. साहेबांनी मात्र बजावून सांगितलं की यापुढे हापशाच्या जवळपास संडासाचा खड्डा घेऊ नका, आणि तो ठराव आप्पासाहेबांनी स्वतः मांडला. गहिनीनाथच्या मापाच्या डब्यातली तंबाखू मी माझ्या हाताने ओतून दिली. सासूबाईंच्या लोणच्याला मीठ मी विकत नेलं.

पंधरावा दिवस उलटला आणि सतराव्या दिवशी दीपा आली. काखेत माधुरी, मागे सम्राट पिशव्या घेऊन. घरात जायच्या आधी तिने लेक सासूकडे दिली, हापशाशी गेली आणि दांडा मारून बघितला. मग नुसती हसली. सासूच्या पाया पडली ती त्यानंतर.

मे महिन्यात माधुरीचं उष्टावण झालं. मला बोलावणं होतं. ओट्यावर सतरंजी टाकलेली, वाटीत खीर. रंगुबाई चढ उतरून आपल्या पायांनी आली, हातात गावविहिरीच्या पाण्याचा तांब्या. म्हणाली, "आपली विहीरबी चाखू दे तिला."

"मागनं," साळूबाई म्हणाली. "आधी हिच्या दारचं."

तिने हापशाच्या पाण्यात बोट बुडवून नातीच्या जिभेला लावलं. पोरीने ओठ चाटले आणि आजीचं बोटच धरून ठेवलं. सगळ्यांना कौतुक. रंगुबाई म्हणाली, "येऊ दे गं माय, हिलाबी आजीची जीभ येऊ दे."

साळूबाईने मान हलवली. "नगं गं रंगू. तसलं काय नगं म्हनू. मला समद्या शिवाराचं पानी ठाऊक हाय, कारन माज्या दारात न्हवतं. हिला तुज्यासारखं एकच ठाऊक असू दे."

रंगुबाईने आपला तांब्या ओट्यावर ठेवला आणि हापशाशी गेली. तिथे पायरीवर बसून तिने साळूबाईकडे पाहिलं आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली.

"वत," ती म्हणाली.

साळूबाई कळशी घेऊन तिच्याजवळ गेली, पार ओंजळीशी वाकली आणि सावकाश ओतू लागली. रंगुबाई पोटभर प्यायली. खाली मातीत थेंबही सांडला नाही.